वरून दिसलेली बाग

क्रेनवाल्याने काचेच्या इमारतीसमोरच्या पहारेकऱ्याला तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, निम्मा तोडक्यामोडक्या परक्या भाषेत आणि निम्मा हातांनी. झाडं, गोल, मधे पाणी. कुठे?

पहारेकऱ्याने या खेपेला नुसतं बोट वर केलं, सरळ आभाळाकडे.

"काय म्हणतोय?" क्रेनवाल्याने बायकोला विचारलं, जणू परवा विमानातून उतरलेली ही बाईच इथली जाणकार.

"वर आहे म्हणतोय. गच्चीवर."

"बाग?"

"बागच. आत काम करणाऱ्यांसाठी असणार. आपल्याला नाही सोडायचा."

त्याने मान वर केली. उन्हाने डोळे मिटले, तरी तो तसाच उभा राहिला. मग त्याने कपाळाला हात लावला.

गेली चार वर्षं तो या शहरात उंच क्रेन चालवत होता. खाली उतरून पुन्हा चढायचं तर जेवणाची सुट्टी शिडीवरच संपायची, म्हणून डबा तो वर केबिनमध्येच खायचा आणि खाता खाता बायकोला फोन लावायचा. समोर दिसेल ते सांगायचा. लाल छपरांची रांग, निळी टाकी, आणि त्यांच्यामागे ती गोल हिरवीगार बाग. तू आलीस की पहिल्या रविवारी तिथेच जाऊन बसू, असं त्याने इतक्यांदा सांगितलं होतं, की तिच्या सासूबाईसुद्धा त्या बागेची चौकशी करायच्या. एवढ्या उंचीवरून रस्ता आणि गच्ची एकाच पातळीवर दिसतात. बाग जमिनीवर आहे ना, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडत नाही. त्यालाही पडला नव्हता.

दोघं जवळच्या बस थांब्यावर जाऊन बसली. तिने पदर तोंडाला लावला.

"हसू नकोस."

"कुठे हसतेय?" असं म्हणून ती पुन्हा हसली.

"चार वर्षं तुला त्या बागेत बसवतोय मी."

"मग? बसलेच की. रोज दुपारी बसत होते."

तो हसला नाही. बुटाच्या टोकाने फरशीवरचं वाळलेलं पान इकडून तिकडे सरकवत राहिला.

"मला इथले रस्तेच येत नाहीत गं," शेवटी तो म्हणाला. "सकाळी कंपनीची बस उचलते, फाटकात सोडते. की चढलो वर. रविवारी झोपायचं आणि तुझ्याशी बोलायचं. खालून हे शहर मी पाहिलेलंच नाही. तुला काय दाखवू?"

तो बागेबद्दल बोलत नव्हता, हे तिला कळलं. कंपनीने त्याला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. बायको येऊन राहणार असेल तर सध्याची ही एका खोलीची जागा त्याच्याकडे राहणार होती, नाहीतर पुन्हा आठ जणांत एक पंखा. तिने राहायचं तर तिकडची नोकरी सोडावी लागणार होती. तिकडे ती टपाल वाटायची. आख्खं गाव तिला टपालबाईच म्हणायचं, आणि कुठल्या दाराला किती पायऱ्या आणि कुठल्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे तिच्या पायांना पाठ होतं. पिशवी खाली ठेवायची म्हणजे सगळ्या गावाची ओळख खाली ठेवायची. पंधरवडाभर राहून बघते, मग सांगते, असं ती म्हणाली होती. मी विचारणार नाही, असं तो म्हणाला होता. परतीचं तिकीट येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारचं होतं.

तो शब्दाला जागला. विचारायचा नाही. पण रोज संध्याकाळी घरात शिरला की त्याची नजर आधी दाराआडच्या तिच्या बॅगेकडे जायची, आणि ती रिकामी, सपाट दिसली की तो बूट काढायला बसायचा. तिचा जीव तुटायचा. फोनवर तासभर बोलणारी ही दोघं समोरासमोर बसली की भाजीत मीठ बरोबर आहे का, याच्यापुढे गाडी सरकत नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण पहिली दोनही त्याने परगावच्या कामांवर काढली होती; सलग एका घरात राहायची सवय दोघांनाही नव्हती. रात्री दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपायची, दोन वेगवेगळ्या भिंतींकडे.

दुपारी मात्र फोन वाजला, की तोच माणूस खुलायचा.

"आज ढग माझ्या खाली आहेत," तो घास चावत सांगायचा. "खाली पाऊस पडत असेल बघ. मी कोरडा."

"इथे कपडे भिजले सगळे. तुम्ही कोरडे राहा."

एवढं आणि असंच. पण फोन ठेवल्यावर तिला घरात दोघं असल्यासारखं वाटायचं, आणि संध्याकाळी तो खरंच आला की पुन्हा पाहुणा आल्यासारखं. याला काय म्हणावं?

ती दोघं राहत होती त्या इमारतीत तिला सगळ्यात जास्त खटकली ती तळमजल्यावरची भिंत. भिंतीत पत्र्याचे कप्पे होते, खालपासून वरपर्यंत, प्रत्येकाला कुलूप आणि आकडा. टपालवाला यायचा, मागून सगळं उघडायचा, पत्रं टाकायचा आणि घामाचा थेंब न गाळता निघून जायचा. वर कोण राहतं, म्हातारं कोण, कुणाच्या पत्राची कोण वाट बघतं, त्याला काही देणंघेणं नव्हतं. दारांवर नावंही नव्हती, नुसते आकडे. ती कप्प्यांसमोर उभी राहिली. आपल्यासारख्या बाईला हे शहर ठेवील तरी कुठल्या कप्प्यात?

सोमवारी ती घरातच बसली. मंगळवारीही. खिडकीतून दूरवर इमारतींच्या डोक्यावर त्याच्या क्रेनचा पिवळा हात दिसायचा, हळूहळू फिरणारा. तो दिसत असेपर्यंत बरं वाटायचं.

बुधवारी तिने चपला घातल्या. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या पोस्टमनने तिला सांगितलं होतं, नवा भाग मिळाला की आधी रिकाम्या हाताने चालून ये. जाताना डाव्या हाताची दारं बघ, येताना उजव्या हाताची. पत्ते आपोआप लक्षात राहतात. तिने तेच केलं. एक रस्ता, डाव्या हाताने जायचं, उजव्या हाताने यायचं.

हवा इतकी दमट, की धुतलेलं पातळ अंगावरच वाळत घातल्यासारखं वाटायचं. मधेच एखाद्या दुकानाचं दार उघडायचं आणि पायांवरून थंडगार वाऱ्याचा झोत जायचा. डोक्यावरच्या पुलावरून आगगाडी जायची, पण आवाज कमी. माणसं भराभर चालायची, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. दुपारी पाऊस न सांगता यायचा, सगळी जणं जिथे असतील तिथे आडोशाला थांबायची, आणि तो गेला की काही झालंच नाही अशी पुढे चालायला लागायची. सुरुवातीला तिला हे सगळं परकं आणि थोडं फुशारकीचं वाटलं. मग उंच इमारतींच्या मागच्या बाजूला एक बोळ लागला. तिथे नळ गळत होता. बाहेर खुर्ची टाकून न्हावी बसला होता. इस्त्रीच्या दुकानातली बाई एका हाताने इस्त्री फिरवत दुसऱ्या हाताने पाठ खाजवत होती. टपालबाईला हायसं वाटलं. शहराला मागची बाजू होती तर.

पुढच्या सोमवारी न्हाव्याने तिला बघून कंगवा वर केला. ती दोन पावलं पुढे गेली, मग वळून तिनेही हात वर केला. घरी येईपर्यंत तिला उगाचच आनंद होत होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तो तिच्या बॅगेकडे बघत होता. तिने विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का?

रोज ती एकच गोष्ट शोधत होती, आणि ती सापडत नव्हती. खिडकीतून दिसणारी क्रेन खाली उतरलं की गायब व्हायची. चार पावलांवर एक इमारत आड, पुढे दुसरी. शेवटी गुरुवारी सकाळी इस्त्रीवालीच्या बोळातून ती पलीकडे निघाली, पत्र्याच्या कुंपणाला वळसा घातला, आणि समोर क्रेन उभी होती.

तिने वर पाहिलं, आणखी वर पाहिलं. अगदी टोकाशी, हात जिथून फुटतो तिथे, केबिन होती. काडेपेटीएवढी. आत माणूस असेल असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

फोनवर ती केबिन तिला चांगली ऐसपैस वाटायची. पाय पसरून बसलेला नवरा, चारी बाजूंना काचा, हाताशी डबा, समोर बाग. चार वर्षं हा माणूस त्या काडेपेटीत एकटा लोंबकळत होता, आणि तिथून रोज न चुकता तिला चांगलं तेवढंच निवडून सांगत होता. तिचे डोळे भरून आले. रस्त्यात रडायची तिला सवय नव्हती, म्हणून ती समोर दिसलेल्या दुकानात शिरली.

दुकान छत्र्यांचं निघालं. दुकानदाराने काळी काढली, निळी काढली, फुलाफुलांची काढली. ती मान हलवत राहिली. मग तिने त्याला हाताला धरूनच दाराशी आणलं आणि क्रेनच्या टोकाकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या मंगळसूत्राला हात लावला. दुकानदाराने वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन अगदी मागच्या फळीवरून हळदीसारखी पिवळीधमक छत्री काढून आणली.

जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली तेव्हा ती कुंपणापासून जरा लांब, चौकाच्या कडेला उभी होती. पाऊस नव्हता, ऊन रणरणत होतं. फोन वाजला.

"जेवलीस?"

"जेवेन. तुम्ही काय बघताय?"

"नेहमीचंच." डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. "बाग आहे. आता तिच्याकडे बघवत नाही."

"खाली बघा की जरा. रोज लांबचंच काय बघता?"

"खाली काय, माती आणि ट्रक." तो चावत थांबला. "चौकात एक पिवळं काहीतरी आहे. छत्री दिसतेय."

तिने छत्रीचा दांडा घट्ट धरला आणि चालायला लागली.

"काय करतेय छत्री?"

"चाललीये. कोपऱ्यावर आली. आता त्या बोळात शिरणार बहुतेक." त्याने आणखी एक घास घेतला. "नाही शिरली. वळून परत येतेय. या बाजूने गेली होती, आता त्या बाजूने येतेय."

"हरवलीये का ती?"

"छे. हरवलेलं माणूस असं चालत नाही. थांबत नाही, इकडेतिकडे बघत नाही. त्या दुकानापाशी कुणीतरी हात केला तिला. तिनेही केला. ओळखीची आहे इथली."

"इथलीच वाटते?"

"इथलीच की."

गेले दहा दिवस जी गोष्ट ती स्वतःला विचारत होती, तिचं उत्तर त्याने वरून घास चावता चावता देऊन टाकलं होतं. तिकडची पिशवी, तिकडच्या पायऱ्या, दारात उभं राहून तिची वाट बघणारी म्हातारी माणसं, सगळं एकदम आठवलं आणि काळजात कळ आली. ही कळ येणार, हे तिला ठाऊकच होतं. ती चौकाच्या मधोमध, रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी ठेवलेल्या फरशीवर येऊन थांबली.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

"शनिवारचं ते तिकीट रद्द करून टाका."

पलीकडचं चावणं थांबलं. तिला वाटलं, फोन तुटला. तिने तो कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला. वाऱ्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी नाक ओढल्याचा.

"छत्री जरा बाजूला कर," तो म्हणाला.

"कशाला?"

"तोंड बघू दे."

"एवढ्या वरून तोंड दिसतं?"

"नाही दिसत. तरी कर."

तिने छत्री मिटली आणि भर उन्हात मान वर करून उभी राहिली.