वाफ्यातल्या सोळा गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे धरायची नव्हे आणि खिडकीचीही नव्हे. मी रेती गाळायची जाळी. बाभळीच्या चार फळ्यांची चौकट, तिच्यात ताणून ठोकलेली लोखंडी तार, आणि ज्वारीचा दाणा सुटेल पण हरभऱ्याचा अडकेल एवढी माझी भोकं.

माझा जन्म सौंसरच्या एका सुताराच्या दुकानात झाला. रवींद्र मिस्त्रींनी मला विकत घेतलं आणि त्याच दुपारी कामाला लावलं. काठीचा टेकू देऊन मला तिरपं उभं करायचं आणि फावड्यानं रेती माझ्यावर फेकायची. बारीक रेती मागे पडे, खडे पुढे घरंगळत येत. लोधीखेड्यापासून बोरगावपर्यंत किती घरांचं प्लास्टर माझ्यातून गेलं, याचा हिशोब मी ठेवला नाही. मिस्त्री म्हणायचे, "हे जाळी आहे तोवर भिंतीले खडा दिसणार नाही." हे ऐकलं की माझ्या तारा ताठ व्हायच्या.

त्या चांगल्या दिवसांत मला एकच त्रास होता. मांजरं. बांधकामावरचा रेतीचा ढीग म्हणजे गावभरच्या मांजरांचा संडास. पहिला फावडा पडला की वाळलेल्या रेतीबरोबर त्यांची घाणही माझ्या अंगावर यायची. मिस्त्री शिव्या देत काडीनं माझी भोकं मोकळी करायचे. तेव्हापासून मला मांजर आवडत नाही. लोक त्यांच्या डोळ्यांचं कौतुक करतात. मी त्यांना दुसऱ्या बाजूनं ओळखते.

माझं शेवटचं मोठं काम म्हणजे शकुबाईंचं घर. प्लास्टर संपलं, मिस्त्री म्हणाले, "पुढच्या कामाले नेतो," आणि नेलं नाही. पुढे त्यांनी विजेवर हलणारी चाळणी घेतली म्हणे. मी न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला टेकून राहिले. चौकटीला वाळवी लागायला आली. माझ्यावर कधी पोतेरं वाळत पडे, कधी काहीच नाही.

मग या घरात सून आली. वृषाली. पांढुर्ण्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली. शकुबाईंचा मुलगा प्रफुल्ल बोरगावच्या कारखान्यात कामाला. दीड वर्षापूर्वी त्यांना मुलगी झाली, चंचल. आणि त्या दिवसापासून वृषालीच्या डोळ्याला डोळा लागला नाही असं म्हटलं तरी चालेल. पाणी वीस मिनिटं उकळायचं, खेळणी रोज धुवायची, पाहुण्यांनी आधी हात धुवायचे. शकुबाई म्हणायच्या, "बाप्पा, आमचे पोट्टे तर मातीतच वाढले." वृषाली उत्तर द्यायची नाही. हात मात्र धुवायला लावायची.

थंडी सुरू होताना तिनं माझ्यासमोरच एक वाफा केला. मेथी, कोथिंबीर, पालक. बाजारच्या भाजीवर काय काय मारतात कोण जाणे, चंचलला घरचंच द्यायचं. माती तिनं हातानं भुसभुशीत केली. आणि मांजरांना अगदी तशीच माती लागते.

पहिल्याच सकाळी तीन ठिकाणी उकरलेलं. चंचलची एक मूठ मातीत आणि दुसरी तोंडाकडे. वृषाली धावली. मुलीचं तोंड तीनदा धुतलं आणि कंबरेइतक्या तारेच्या कुंपणापलीकडे पाहिलं. पलीकडे शेजारच्या विजयमालाबाई थाळीत दूधभात कालवत होत्या आणि भोवती तीन मांजरं शेपट्या उभारून फिरत होती. त्यांतला तो जाडा करडा बोका भुऱ्या, त्याला मी पायांच्या ठशावरून ओळखते.

"काकू, तुमची मांजरं आमच्या वाफ्यात घाण करून राहिली."

"माही काऊन? मी काय विकत आणली का? येतात अन् जेवतात."

"जेवायला तुमच्याकडे अन् संडासाला आमच्याकडे?"

"मग तू जेवू घाल वो. संडासाले माह्याकडे पाठव."

"त्या घाणीतून लेकरांच्या पोटात काय काय जाते, माहीत तरी आहे का तुम्हाला?"

"मले काय माहीत असणार, माय! मी काय बी.एस्सी. आहे?"

तिथून अबोला सुरू झाला. वृषालीनं घरात बजावून ठेवलं की विजयमालाकाकूंच्या हातचं चंचलनं काही घ्यायचं नाही. त्यांनी दिलेली संत्र्याची फोडसुद्धा तिनं मुलीच्या हातातून काढून घेतली. पलीकडून विजयमालाबाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मग उपाय सुरू झाले. बाटल्यांत निळीचं पाणी भरून वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना ठेवलं. भुऱ्या एका बाटलीला अंग घासून गेला. कोणी सांगितलं, संत्र्याच्या सालीच्या वासाला मांजर येत नाही. आमच्या संत्र्यांच्या भागात सालींना काय तोटा! वाफा सालींनी झाकला, तर भुऱ्या त्यांच्यावर उन्हाला झोपला. तिखट टाकलं, ते वाऱ्यानं शकुबाईंच्या डोळ्यांत गेलं. "मांजरं राहिली बाजूला, मलेच हाकलते का?" म्हणून त्या दिवसभर फुरंगटल्या. आणि मी तीन हातांवर भिंतीला टेकून होते. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

शेवटी एका शुक्रवारी वृषालीनं डांबराच्या गोळ्या आणल्या. कपड्यांत ठेवतात त्या, पांढऱ्या, गोल. तिचं काम नीट. वीतभर अंतरानं दोन ओळी, एका ओळीत आठ. चंचल तेव्हा झोपली होती. झोपेतून उठल्यावर तिला वाफ्याकडे जाऊ द्यायचं नाही, हेही वृषालीनं ठरवलं होतं. मी प्रत्येक गोळी ठेवताना पाहिली. माझ्या अंगात त्या वासानं शिरशिरी आली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

शनिवार उजाडला. शकुबाई दर शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जातात आणि येताना प्रसाद आणतात. साखरेचे पांढरे गोल दाणे, चिरंजी म्हणतात तिला. चंचलला त्यांनी मोठ्या हौसेनं शिकवलंय की प्रसाद उजव्या तळहातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा, आधी मोठ्यांना द्यायचा आणि मग आपण खायचा. प्रसादाला नाही म्हणायचं नाही. पोर शहाणी, एकदा सांगितलेलं विसरत नाही.

त्या सकाळीही तिला तीन दाणे मिळाले. ते संपले. शकुबाई पाय धुवायला गेल्या. आत दूध उतू जायला लागलं म्हणून वृषाली शेगडीपाशी गेली. गॅस बंद करून परत येण्याएवढाच वेळ. तेवढ्यात चंचल दुडकत वाफ्याशी पोहोचली.

तिच्यासमोर पांढरे गोल दाणे ओळीनं मांडलेले होते. नेहमीच्यापेक्षा मोठे. मोठा प्रसाद कोणाला नको असतो?

तिनं दोन्ही हातांत एकेक उचलला, उजव्या हातातला कपाळाला लावला. आधी मोठ्यांना द्यायचा. पण अंगणात मोठं कोणीच नव्हतं. एक मी होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणापलीकडे दूधभात घालणाऱ्या विजयमालाबाई तिला दिसल्या. तारेतून तिनं हात पुढे केला.

"पसाद."

विजयमालाबाई तीन महिन्यांत या अंगणाकडे वळून बोलल्या नव्हत्या. पण प्रसाद म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला आणि हात पसरला. गोळी हातावर पडली. कपाळाकडे नेतानेता त्या थांबल्या. वास आला होता. त्यांनी चंचलकडे पाहिलं. पोरीचा एक गाल फुगलेला होता.

"थुक! थुक वो माय, थुक!"

चंचल हसली आणि तोंड घट्ट मिटलं. विजयमालाबाईंनी कुंपणावरून वाकून पोरीला उचललं, मानेखाली हात धरला आणि तोंडात बोट घातलं. पोरीनं किंकाळी फोडली. त्याच क्षणी वृषाली बाहेर आली. तिला काय दिसलं असेल? आपली मुलगी शेजारणीच्या हातात, रडतेय, आणि शेजारणीचं बोट तिच्या तोंडात.

"काय खाऊ घालून राहिल्या तुम्ही माझ्या पोरीले? सोडा तिला!"

विजयमालाबाईंनी मूठ उघडली. हातावर दोन गोळ्या होत्या, एक कोरडी, एक ओली.

"मी नाही खाऊ घातलं. तुह्या वाफ्यातला परसाद आहे हा."

वृषालीचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि नको होता पाहायला. एवढी जागी राहणारी बाई. सगळ्या जगाची घाण दाराबाहेर ठेवणारी. हे मात्र तिनं स्वतःच्या हातानं, मोजून ठेवलेलं होतं.

ती चंचलला घेऊन अनवाणी रस्त्यावर धावली, ऑटो मिळाला, दवाखाना गाठला. थोड्या वेळानं शकुबाईंचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, डॉक्टर विचारून राहिले, पोटात किती गेल्या? मी सोळा ठेवल्या होत्या. बरोबर सोळा. वाफ्यात किती उरल्या, पाहा ना. लवकर."

शकुबाई गुडघे धरून वाफ्याशी बसल्या, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांना काही दिसेना. तेव्हा विजयमालाबाई साडी खोचून कुंपण ओलांडून आल्या. वरवर दिसणाऱ्या गोळ्या त्यांनी एकेक उचलल्या. अकरा. हातातल्या दोन, म्हणजे तेरा.

"तीन कमी आहे," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

"तीन?" पलीकडून वृषाली किंचाळली.

"घाबरू नको. रात्री मांजरांनी उकरलं आहे, मातीत गेल्या असतील. मेथी उपटू का?"

"उपटा काकू. सगळं उपटा."

तीन महिन्यांत तिनं त्यांना पहिल्यांदाच काकू म्हटलं.

विजयमालाबाईंची नजर मग माझ्यावर पडली. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला दोन्ही हातांनी धरलं. शकुबाईंनी मागून चौकट धरली, विजयमालाबाईंनी फावडा घेतला. माती ओली होती, आदल्या संध्याकाळीच पाणी घातलेलं. ती माझ्या भोकांतून पडेना. विजयमालाबाई तळहातानं रगडून रगडून ती खाली काढत होत्या. माझ्या तुटक्या तारेनं त्यांचा हात कापला, तरी थांबल्या नाहीत. तोंडही थांबलं नव्हतं.

"बी.एस्सी. शिकली अन् लेकराच्या अंगणात जहर मांडलं. मांजराची घाण चालत नाही, हे चालते!"

"पुरे वो विजयमाला," शकुबाई रडत म्हणाल्या.

"पुरे कायले? सापडू दे, मग पुरे."

पहिली गोळी लवकर सापडली. दुसरी मेथीच्या मुळांत अडकलेली. तिसरी काही मिळेना. अर्धा वाफा गाळून झाला, मग पाऊण झाला. फोन पुन्हा वाजला आणि दोघींपैकी कोणी उचलला नाही. मित्रांनो, मी हजारो फावडे रेती गाळली, पण त्या दिवशी मी जेवढी ताणून उभी राहिले तेवढी कधी राहिले नव्हते. एकही सुटता कामा नये. फाटलेल्या कोपऱ्यातून सुटली तर? माझी भीती कोणाला सांगणार?

कडेच्या शेवटच्या ढेकळात भुऱ्यानं आपलं नेहमीचं काम उरकून वर माती ओढली होती. विजयमालाबाईंनी नाक मुरडलं आणि तेही माझ्यावर टाकलं. घाण माझ्या भोकांत बसली. आणि तिच्यातून एक पांढरी गोळी घरंगळत खाली आली.

"सोळा!" विजयमालाबाई फोन लावून ओरडल्या. "सोळा झाल्या वो! पोरीच्या पोटात एकही नाही!"

फोनमधून वृषालीचं हमसून रडणं ऐकू आलं.

तोंडात गोळी होती, म्हणून डॉक्टरांनी चंचलला दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवून घेतलं, रक्त तपासलं. पोर ठणठणीत निघाली. रविवारी वृषाली घरी आली आणि उजाड वाफ्यासमोर उभी राहिली. पलीकडे थाळी वाजली, मांजरं जमली.

"काकू, मले तुमची मांजरं अजूनही नाही आवडत."

"मले तूही नाही आवडत. हे जाळी टाक ना वाफ्यावर आडवी. मातीत पंजाच जात नाही मांजराचा. भाजी तारेतून वर येते."

वृषालीनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं? मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू बोलत होती का माह्यासंग?"

आता मी वाफ्यावर आडवी पडून आहे. खालून नवी मेथी माझ्या भोकांतून डोकं काढते. भुऱ्या येतो, माझ्यावर पंजा मारतो, नख तारेत अडकतं, आणि तो चिडून निघून जातो. खरं सांगते, मला फार बरं वाटतं. अंगणात एकही गोळी नाही आणि चंचल माझ्या चौकटीला धरून उभी राहते. तिच्या आईची नजर अजून हटत नाही, आणि हटूही नये. दोघी बायका रोज कुंपणावर भांडतात, कधी बोक्यावरून, कधी उगाच.

मित्रांनो, जमिनीवर काही ठेवण्याआधी एकदा खाली उकिडवे बसा आणि रांगत्या पोराच्या डोळ्यांनी तिकडे पाहा. आणि शेजाऱ्याशी भांडायचंच असेल, तर खुशाल भांडा, पण बोलणं बंद करू नका. त्या शुक्रवारी गोळ्या मांडल्या जात होत्या, तेव्हा मी पाहत होते आणि कुंपणापलीकडून विजयमालाबाईही पाहत होत्या. मी लोखंडाची आहे, मला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं.