गादीचा पेशंट

नव्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं नाव सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात ‘वकीलसाहेब’ ठेवलं. पेशंटच्या जागी ठेवलेल्या रबरी पुतळ्यावरचा सराव संपला की विद्यार्थी शेजारच्या खोलीत गोल बसायचे. काय घडलं, का घडलं, ते तिथे बोलायचं. खरं शिकणं तिथेच. हे बोलणं कसं घडवून आणायचं, ते नव्या शिक्षकांना शिकवायचं काम सिस्टरांचं.

वकीलसाहेबांनी तर सरळ उलटतपासणीच सुरू केली. पुतळ्याचा श्वास अडकला तरी मास्क लावायला उशीर का, मॉनिटर वाजत होता तेव्हा लक्ष कुठे होतं, मदत का मागितली नाही. समोरची विद्यार्थिनी आधी लाल झाली, मग तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत बसले.

सिस्टरांनी चहाची सुट्टी दिली आणि डॉक्टरांना जिन्याकडे नेलं.

“मी चुकीचं काय विचारलं?” ते म्हणाले. “सगळं खरंच तर होतं.”

सिस्टरांना एकदम नर्सिंग शिकवणाऱ्या त्यांच्या मोठ्या बाई आठवल्या. त्या काळी कसला आलाय पुतळा! जुनी गादी गुंडाळायची, तिला पायजमा चढवायचा, डोक्याच्या जागी उशी, आणि कण्हायचं काम पलंगाखाली लपलेल्या मैत्रिणीचं. तिला ऐन वेळी हसू फुटायचं आणि पेशंट मरता मरता खिदळायचा. नंतर साऱ्याजणी अशाच जिन्यावर टेकायच्या. बाई एवढंच विचारायच्या, ‘तुला तेव्हा काय दिसत होतं गं?’ आणि चष्मा पुसत गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्यात धाक नव्हता, ऊब होती. बाईंना जाऊन किती वर्षं लोटली, पण तो आवाज अजून कानात होता.

सिस्टरांनी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. खिदळणाऱ्या पेशंटवर ते मनापासून हसले, मग विचारात पडले.

परत गेल्यावर त्यांनी विद्यार्थिनीला विचारलं, “मॉनिटर वाजला तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?”

कुणी बोलेना. डॉक्टर चुळबुळले, त्यांनी तोंड उघडलं. सिस्टरांनी हलकेच नकारार्थी मान हलवली, तसं ते मिटलं.

“श्वास अडकलाय हे मला कळलं होतं,” अखेर ती म्हणाली. “पण शेजारी सीनियर होते. त्यांना दिसत असेलच, आपण कशाला मध्ये बोलायचं, असं वाटलं.”

“आणि मला वाटलं, ही गप्प आहे म्हणजे सगळं ठीक असणार,” तिचा सीनियर म्हणाला.

मग मात्र सगळेच बोलू लागले. डॉक्टरांना मध्ये शिरायला फटच मिळेना. ज्याला आधी दिसेल त्याने मोठ्याने सांगायचं, असं मुलांनी आपणहूनच ठरवलं.

खोली रिकामी झाल्यावर डॉक्टरांनी उद्याची वेळ विचारली.

“उद्या तुमचे तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या. “मी येणार नाही.”

ते गडबडले, पण त्यांनी हट्ट धरला नाही. सिस्टर त्या संध्याकाळी सावकाश चालत घरी गेल्या. मन हलकं झालं होतं, आणि थोडं रितंही.