ताई म्हणते म्हणजे असेल

मंगळवारी सकाळी साडेदहाला, दवाखान्याच्या बाकावर बसून, ताईने भावाच्या वहीत तीन ओळी खोट्या लिहिल्या. अकराशिवाय उठत नाही. बोलताना डोळे मिटतात. दुकानातही पेंगतो, असं दुकानवाल्या बाई सांगत होत्या.

वही डॉक्टरांनीच लावून दिलेली. घरच्या माणसाने रोज दोन ओळी लिहायच्या, महिन्याने डॉक्टर त्या वाचणार आणि गोळी किती द्यायची ते ठरवणार. अकरा वर्षांत अशा सात वह्या भरल्या होत्या. त्यात आजवर एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या वर्षांत धाकट्याला ताईशिवाय माणूस नव्हता. शेजारी पाळत ठेवतात, अन्नात काहीबाही कालवतात, अशी त्याची खात्री होती. आईच्या हातचंही शिवायचा नाही. ताईने आधी घास घ्यायचा, मग त्याने. भिंतीतून आवाज आला की तो तिच्या तोंडाकडे बघायचा. तिने मानेने नाही म्हटलं की निमूट बसायचा. डॉक्टरांनी त्याचाच नियम करून टाकला: शंका आली की ताईला विचार, ती सांगेल ते खरं धर. ताईने स्वतःचं लग्न लांबवत नेलं, पुढे घरात तो विषय निघेनासा झाला. नातेवाईक मात्र तिला नावाजत.

जुन्या गोळीने आवाज गेले, पण हात थरथरायचे, चेहरा पाटीसारखा कोरा. दहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं, ते म्हणाले, कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं ते ठरवण्यात त्याचा हात असतो. याच्या डोक्यात ते दिसेल त्यावर 'महत्त्वाचं' असा शिक्का मारत सुटतं. कुणी खोकलं, दिवा लुकलुकला, सगळं याच्याचसाठी. गोळी तो शिक्का आवरते. जुनी फार करकचून आवरायची, ही बेताने. प्रत्येकाला मानवतेच असं नाही. धाकट्याला मानवली.

इतकी मानवली की चौथ्या महिन्यात तो चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. दुकान दुपारी बाराला उघडायचं. भिंगाची कड घासायची, ते फ्रेममध्ये बसवायचं, मुंगीएवढा स्क्रू पिळायचा. हात जराही हलत नव्हता. दुकानवाली बाई चाळिशीची, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी.

आदल्या गुरुवारी धाकटा डबा विसरला म्हणून ताई तो घेऊन दुकानात गेली. काचेतूनच तिला दिसलं. धाकटा दुकानवालीच्या डब्यातून जेवत होता. आधी कुणी खाल्लं, कुणी नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तोंडात घास, आणि हसतोय.

"तू कशाला आलीस, ताई? मी जेवलो."

दुकानवालीने स्टूल पुढे केलं. एका गिऱ्हाइकाने मघाशी, मी या फ्रेममध्ये कशी दिसते, असं विचारलं, तर हा म्हणाला, ते मी बघतो, तुम्ही अक्षरांचा तक्ता बघा, असं ती सांगू लागली. ती अजून हसत होती. "घरीही असाच बोलतो का हो हा?"

ताई हो म्हणाली. घरी तो जेवायचा, गोळी घ्यायचा, झोपायचा. डबा तसाच घेऊन ती परत आली, आणि तिचं पोट जे दुखायला लागलं ते पाच दिवस थांबलं नाही. अकरा वर्षं राबायचं हिने, आणि हसू कुणाच्या वाट्याला?

डॉक्टरांनी तीन ओळी दोनदा वाचल्या. "इतकी झोप येते का रे?"

"मला?" धाकटा म्हणाला, आणि सवयीने ताईकडे वळला.

अजूनही तिला मान आडवी हलवता आली असती. तिने ती उभी हलवली.

"ताई म्हणते म्हणजे असेल," तो म्हणाला. "मला कळत नसेल."

गोळी अर्धी झाली. जरा काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं.

आठवडाभर काही झालं नाही. पुढच्या बुधवारी संध्याकाळी जेवताना धाकट्याने ताट तिच्याकडे सरकवलं. "आधी तू."

ताईने घास घेतला. तो गोड लागला, हे तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. वहीत त्या दिवशी तिने काहीच लिहिलं नाही.

गुरुवारी दुपारी पाऊण वाजता दुकानवालीचा फोन आला. धाकट्याने दुकानातले सगळे आरसे भिंतीकडे फिरवले होते आणि गिऱ्हाइकांना हात लावू देत नव्हता. आरशामागे कुणीतरी बसलंय म्हणतो, तिने सांगितलं. तिचा आवाज घाबरलेला होता. "मला घाबरत नाही, माझ्याजवळच बसलाय. डॉक्टरांचा नंबर द्या, मी लावते फोन."

"तुम्ही नका लावू," ताई म्हणाली. "मी बघते."

दवाखाना पाचला बंद होतो. तीन वाजून गेले तरी तिने फोन लावलेला नव्हता.