कसंतरीच

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला स्टेथोस्कोपला हात लावायची बंदी होती. नुसता गळ्यात मिरवायचीसुद्धा सोय नाही. दर बुधवारी दुपारी कॉलेजातून सुटायचं, इथे येऊन बाहेरच्या बाकावर पेशंटशेजारी बसायचं, काय होतंय ते विचारायचं आणि केसपेपरवर लिहायचं. बस्स. याला कसली डोंबलाची अक्कल लागते, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. लागत होती, आणि नेमकी तीच कमी पडत होती.

कारण नियम असा, की पेशंट जे बोलला तेच लिहायचं, त्याच्याच शब्दांत. हिचं पुस्तक नुकतंच पाठ झालेलं, ते तोंडात मावेना. इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "पोटात नुसता भडका उठलाय," हिने लिहिलं 'ॲसिडिटी'. शाळेचा शिपाई म्हणाला, "मानेतून अशी कळ जाते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात," हिने लिहिलं 'नेक पेन'. डॉक्टरबाई लाल पेनाने फर्रकन काट मारत आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "हे पेशंट बोलला की तुझं पुस्तक?" बाहेर कंपाउंडरकाका पुड्या बांधता बांधता फिदीफिदी हसत. तिचं 'भाषांतरबाई' हे नाव त्यांनीच पाडलं होतं, आणि दोन बुधवारांत ते पेशंटांच्याही तोंडी बसलं.

घरी मात्र तिचा रुबाब काही औरच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही आणि आई शिवणकाम करणारी. महिन्यापूर्वी कापडाच्या पिशव्या घेऊन वर येताना आई दुसऱ्या मजल्यावरच टेकली आणि म्हणाली, "थांब गं जरा. कसंतरीच होतंय."

"ॲसिडिटी आहे, आई. सकाळपासून उपाशी मशीनवर बसतेस, दुसरं काय होणार?" लेकीने पायरीवरच निदान ठोकून दिलं. आईला कोण कौतुक! "आमच्या घरातच डॉक्टर आहे आता," असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. चघळायच्या गोळ्या आल्या. त्यानंतर आई जिन्यात टेकली आणि कुणी काय झालं विचारलं, की हसून सांगायची, "काही नाही, ॲसिडिटी."

चौथ्या बुधवारी एक टॅक्सीवाला आला. मधुमेहाची शेवटची गोळी सकाळीच घेतली होती, पुढच्या लिहून घ्यायच्या होत्या. बाकावर बसून कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "बाकी काही नाही. मघापासून आपलं कसंतरीच होतंय." तिने 'वीकनेस' लिहिलं आणि पेपर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

कंपाउंडरकाकांचा हात पुडीवरच थांबला. "भाषांतरबाई, काय म्हणाला तो? तोंडाने काय म्हणाला ते सांगा."

"कसंतरीच होतंय म्हणाले."

"अहो, मग बसलाय काय?" काका ओरडले, आणि आतून डॉक्टरबाई, एवढ्या भारदस्त बाई, चप्पल न घालता धावत बाहेर आल्या. बोट टोचून रक्त तपासलं. गोळी घेऊन जेवण राहिलं होतं, साखर पार खाली उतरली होती. पेलाभर साखरपाणी पोटात गेलं आणि दहा मिनिटांत टॅक्सीवाला रस्त्यातल्या खड्ड्यांवर भाषण देऊ लागला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"इकडे ये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठणका लागला तर माणूस बोट दाखवतो. जळजळ झाली तर तोंड वाकडं करतो. 'कसंतरीच' कधी म्हणतो? जेव्हा आत काहीतरी बिनसलंय आणि त्याला शब्द सापडत नाही. तो शब्द आपण शोधायचा असतो. चाळीस वर्षं झाली, मी 'कसंतरीच' ऐकलं की खुर्चीतून उठते."

"मॅडम, माझी आई... महिन्यापूर्वी जिन्यात असंच म्हणाली होती."

"आणि तू काय सांगितलंस?"

"ॲसिडिटी."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेर दुसरी टॅक्सी कर. घेऊन ये आईला. जिना सावकाश उतरव."

आई आली ती गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन, कुरकुरत. बाही अर्धवट राहिली होती, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. डॉक्टरबाईंनी केसपेपर लेकीच्या हातात दिला आणि विचारलं, "काय होतंय, ताई?"

"काही नाही हो. ॲसिडिटी."

"हा शब्द तुमचा की लेकीचा?"

आई ओशाळली. "तिचाच. ती शिकलेली, म्हटलं तिलाच जास्त कळणार."

"तुमचा सांगा."

आईने टेप बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "जिना चढले की इथे छातीत मधोमध आवळतं. दोरा ओढून कापडाला चुण्या पाडतात ना, अगदी तसं. डावा हात जड पडतो. जरा टेकलं की जातं. आता हे लोकांना काय सांगायचं? म्हणून आपलं कसंतरीच."

भाषांतरबाई लिहीत होती. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, पण एक शब्द तिने बदलला नाही.

डॉक्टरबाईंनी आईला आडवं करून कार्डिओग्राम काढला, हृदयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला आणि आईला घेऊन आजच येतोय म्हणून सांगितलं. "झटका आलेला नाही, पण येण्याच्या वाटेवर होता," त्या म्हणाल्या. "वेळेत आणलंस हो पोरी." मग त्यांनी केसपेपर उचलला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि लाल पेनाला टोपण लावून टाकलं.

आई पलंगावरून मान उचलून बघत होती. "काय लिहिलंयस गं? ॲसिडिटी ना?"

"नाही. तू बोललीस ते."

"चुण्यांचंसुद्धा?"

"चुण्यांचंसुद्धा."

"अगंबाई!" आई म्हणाली. "मग अक्षर तरी नीट काढायचंस."