मी वज्री नाही!

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वज्री नाही. हे एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

माझा जन्म वाळवंटातला. तिथे एक नाही, शेकडो ज्वालामुखी आहेत. एक गप्प झाला की दुसरा उठायचा. आधी पातळ लाव्हा वाळूवर लांबवर पसरला आणि त्याचा काळा खडक झाला. पुष्कळ काळानं त्यावर राखेच्या टेकड्या उभ्या राहिल्या. त्यातल्या शेवटच्या टेकडीनं मला आकाशात भिरकावलं. अंगातला वायू फसफसत निघून गेला आणि मी भोकाभोकांचा होऊन खाली पडलो. त्याच भोकांनी पुढे माझा घात केला.

हजारो वर्षं मी उन्हात हललो नाही. मग शाल्मली आली. ती ब्रिस्टलच्या विद्यापीठात खडकांचा अभ्यास करते. आभाळातून येणारे किरण दगडाच्या वरच्या बाजूत खूण सोडतात. ती मोजली की दगड कधी पडला ते कळतं. म्हणजे शेवटचा उद्रेक कधीचा, आणि टेकडीखालच्या गावानं किती घाबरायचं, हे माझ्यावरून ठरणार होतं. मला उचलण्याआधी तिनं माझ्या वरच्या बाजूवर पेनानं बाण काढला. कोण अभिमान वाटला मला!

परतताना ती वाटेत इंग्लंडमधल्याच रीडिंग शहरात आईकडे उतरली. शैलाताई निवृत्त डॉक्टर. इथल्या दुकानातल्या वज्रीला त्या नावं ठेवतात आणि प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाला टाचा घासायला चांगली वज्री आणायला सांगतात. लेकीची बॅग उपसताना त्यांच्या हाती मी लागलो. एकदा लेकीला विचारावं? छे! थेट बाथरूम.

सकाळी शाल्मली किंचाळली, "आई! ह्याच्यावर ॲरो होता! कुठे गेला?"

"ती काळी रेघ? साबणानं काढली गं. काय मस्त वज्री आणलीस! टाचा बघ माझ्या."

"वज्री नाही, माझा सॅम्पल आहे! त्या टेकडीचा हा एकच आहे. आता वरची बाजू कुठली, हाऊ वुड आय नो?"

"मग लेबल लावायचं ना!"

"ॲरोच लेबल होता, आई."

तिनं मला सगळीकडून फिरवून पाहिलं. तिचे डोळे भरले होते. वरची बाजू मला ठाऊक होती, पण दगडाला विचारतंय कोण! शेवटी तिनं मला तिथेच ठेवून दिलं. टेकडी झोपलीय की मेलीय, गावाला अजून माहीत नाही. शैलाताईंच्या टाचा मात्र लोण्यासारख्या झाल्या आहेत.

मित्रांनो, दुसऱ्याच्या बॅगेतली वस्तू वापरण्याआधी विचारत जा. आणि शैलाताई, आंघोळ झाल्यावर निदान मला सरळ तरी ठेवा हो. रोज पालथा ठेवता!