धक्क्यावरचा पोडियम

मी पोडियम बोलतोय. तसं बोलणं हे माझं काम नव्हे. माझ्यामागे उभं राहून बोलायचं ते दुसऱ्यांनी. मी फक्त त्यांचे कागद आणि कोपरं सांभाळायची आणि गप्प बसायचं. आयुष्यभर तेच करत आलो. पण इतकं ऐकून घेतलंय, की आता पोटात मावत नाही.

माझं लाकूड लापाचो झाडाचं. फुलं गुलाबी, पण खोड असलं टणक की खिळा वाकेल. पाराग्वाय नदीच्या काठावर आमचं पुएर्तो आरासा आहे. तिथल्या फिदेलिनो सुताराने मला गावच्या शाळेसाठी घडवलं. कडा गोल केल्या, वर किंचित उतार दिला आणि कागद घसरू नये म्हणून खाली एक पट्टी ठोकली. मला उचलून नेणारे शाळेचे दोघे शिपाई घामाघूम झाले. "हा काय पोडियम आहे की चर्चची घंटा?" असं म्हणाले.

शाळेत ओब्दुलिया रेकाल्दे नावाच्या बाई होत्या. सडपातळ, चष्म्याला दोरी, हातात कायम तेरेरे या थंड, पाल्याच्या चहाचा पेला. मुलांचे वादविवाद त्या माझ्यापाशी घ्यायच्या. बाई म्हणायच्या, "समोरच्याला पटवायच्या तीन वाटा आहेत. मी कोण, माझं ऐकावं असं माझ्यात काय आहे, ही एक. त्याच्या काळजाला हात घालणं, ही दुसरी. आणि मुद्दा मांडून पुरावा देणं, ही तिसरी. पहिल्या दोन वाटांनी खुशाल जा, पण पोचायचं तिसरीवर. नाहीतर नुसतं फिरून आलात असं होईल."

बाईंचा लाडका विद्यार्थी विल्फ्रिदो आयाला. माझ्यामागे उभा राहिला की त्याचं तोंडही दिसायचं नाही, म्हणून पायाखाली खोकं द्यावं लागे. पण बोलायला लागला की पोरांची चुळबुळ थांबायची. एकदा विषय होता, शाळेच्या आवारात कुत्री येऊ द्यावीत की नाही. विल्फ्रिदोने स्वतःच्या मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली आणि सगळा वर्ग रडवला. टाळ्या संपल्यावर बाईंनी विचारलं, "छान बोललास. पण येऊ द्यायची की नाही?" विल्फ्रिदो नुसता हसला. बाईही हसल्या. मीही तेव्हा कौतुकाने ऐकत होतो.

पुढे नगरपालिकेचं नवं सभागृह झालं आणि मला तिकडे हलवलं. तिथे मला माणसांचे हात कळायला लागले. माईकला आवाज मिळतो, माझ्या वाट्याला हात येतात. आवाज गदगदलेला असतो तेव्हा बोटं काय करतात, हे समोर बसलेल्यांना दिसत नाही. मला दिसतं. "मी तुमचाच मुलगा" म्हणताना माझी कड नखाने खरवडणारे बघितलेत. "सत्य सांगतो" म्हणताना तळवे पुसणारेही बघितलेत.

आता इसाबेलिनाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझी खरी चीड तिथून सुरू होते.

इसाबेलिना धक्क्यावर चिपा विकायची. चीजचे ते गोल पाव सकाळी भट्टीतून काढायचे, टोपलीत फडक्याखाली झाकायचे आणि होडीची वाट बघणाऱ्यांना गरमागरम द्यायचे. लिदुविना ही तिची एकुलती एक मुलगी. आमच्या गावात दवाखाना नावापुरता, मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे. लिदुविनाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, त्या दिवशी नदीला पूर होता. पलीकडे नेणारा तराफा बंद पडलेला. कोळ्यांच्या वल्ह्याच्या होड्या त्या पाण्यात टिकणं शक्य नव्हतं. भरदुपारी, धक्क्यावर, आईच्या मांडीवर लिदुविना गेली. बाळही गेलं.

गावाने मागणी केली, रुग्णांसाठी एक मोटरबोट द्या. मोठं काही नको. छप्पर असलेली, एक माणूस आडवा झोपू शकेल एवढी.

लवकरच निवडणूक आली. नगराध्यक्षपदाला दोघे उभे होते. एक डॉक्टर एउस्ताकियो ओर्तेयादो, आणि दुसरा आपला विल्फ्रिदो. जाहीर वादविवाद ठरला. निवृत्त झालेल्या ओब्दुलियाबाईंना प्रश्न विचारायला बसवलं. हॉल खचाखच भरला.

बाईंचा पहिलाच प्रश्न बोटीचा होता. "आणणार का, आणि कधी?"

डॉक्टरांनी दोन्ही हात माझ्यावर पसरले, जणू मी त्यांचं तपासायचं टेबल. "या गावातली निम्मी माणसं माझ्या हातांत जन्मली," ते म्हणाले. "माझे वडील डॉक्टर होते. आरोग्यातलं मला कुणी शिकवू नये." मग आकडे आले. मृत्यूदर, प्रमाण, टक्केवारी. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हा पोरगा निवडून आला, तर पलीकडचे स्मगलर गावात घुसतील, एवढं लक्षात ठेवा." लोक कुजबुजले. बोट राहून गेली.

विल्फ्रिदो आला. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने माझ्या पट्टीवर टेकवलं.

"आकडे डॉक्टरांकडे आहेत," तो म्हणाला. "माझ्याकडे फक्त एक नाव आहे. लिदुविना."

त्याने सगळं सांगितलं. पुराचं पाणी, ओली पायरी, आईच्या मांडीवरचं डोकं, पोरीने मागितलेला पाण्याचा घोट. आवाज फुटला. तो थांबला. बाया रुमालाने डोळे पुसू लागल्या, दाराशी उभे असलेले कोळी खाली बघू लागले. आणि त्या शांततेत विल्फ्रिदोने घड्याळात बघितलं, अजून किती वेळ थांबायचं ते. त्याच्या बोटांना जराही कंप नव्हता.

मग तो मंचावरून उतरला, तिसऱ्या रांगेतल्या इसाबेलिनाला त्याने मिठी मारली. ती त्याच्या खांद्यावर रडली. तिला वाटलं, याला कळलंय. म्हणजे बोट येणार.

टाळ्यांच्या कडकडाटात ओब्दुलियाबाई म्हणत होत्या, "विल्फ्रिदो, प्रश्न राहिलाय." कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

विल्फ्रिदो दणदणीत मतांनी निवडून आला.

बोट आली नाही. इसाबेलिना पालिकेत गेली की तिला आधी खुर्ची मिळायची, मग गार तेरेरे आणि नगराध्यक्षांची मिठी. "काकू, तुमच्यासाठी मी आहे ना," तो म्हणायचा. हे मला सभागृहाच्या उघड्या दारातून ऐकू यायचं. ती दरवेळी विचारायची आणि तो दरवेळी तिचे हात हातात घ्यायचा. शेवटी एक दिवस धक्क्यावर सिमेंटचा बाक बसवला. बाकावर लिदुविनाचं नाव कोरलं. उद्घाटनाला मला नेलं होतं. बाकाविषयी विल्फ्रिदो इतकं सुंदर बोलला, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाकावर बसलं की माणूस आपोआप पलीकडे पोचतो.

पाच वर्षं अशी गेली. पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच दोघे, पुन्हा माझ्यासमोर तेवढीच गर्दी. बाईंनी पुन्हा बोटीचं विचारलं. विल्फ्रिदोने घड्याळ काढून ठेवलं.

"मित्रांनो," तो म्हणाला, "आजही माझ्या कानात एक हाक ऐकू येते. लिदुविना..."

"तिचं नाव घेऊ नकोस."

इसाबेलिना उभी राहिली होती. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र साधाच होता. ती रांगेतून बाहेर आली, पायऱ्या चढली आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. विल्फ्रिदो हात पसरून पुढे झाला. तिने माझ्यावर हात ठेवला.

"थांब तिथेच. मधे हा पोडियम असू दे," ती म्हणाली. "बोट आणणार का? हो म्हण, नाही तर नाही म्हण."

"काकू, तुमचं दुःख ते माझं..."

"माझं दुःख माझ्याकडेच राहू दे. तू बोटीचं बोल."

डॉक्टरांनी संधी साधली. बसल्या जागेवरून म्हणाले, "पाहिलंत ना? एका आईचा तळतळाट बोलतोय."

इसाबेलिना त्यांच्याकडे वळली. "डॉक्टरसाहेब, तुम्हीपण मला वापरू नका. तुम्ही निवडून आलात तर बोट आणणार?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "त्याचा आधी अभ्यास करावा लागेल."

आता हॉल उसळेल, असं मला वाटलं. मी वाट बघत होतो. पण मागून एक बाई म्हणाली, "अहो, बसा की आता, पुढचं ऐकू द्या." आणि एक माणूस पुटपुटला, "हिची एकटीचीच मुलगी गेलीय का?" कार्यक्रमानंतर सोडतीत सायकल निघणार होती आणि लोकांना उशीर होत होता. लाकूड रडत नाही, पण त्या दिवशी माझी एक फळी मधोमध तडकली. लोकांना वाटलं, हवा कोरडी आहे.

"उत्तर दे, विल्फ्रिदो," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "मी तुला शिकवलंय. दोन वाटांवर आयुष्य काढलंस. आता एकदा तिसरीवर ये."

विल्फ्रिदो हसला. वर्गात हसायचा तसाच. "बाई अजून माझे मार्क कापतायत," तो माईकमध्ये म्हणाला. सगळा हॉल हसला आणि पुढचा प्रश्न आला, जत्रेतल्या आतषबाजीचा.

इसाबेलिना पायऱ्या उतरून निघून गेली. बाईंनीही आपली पर्स उचलली. विल्फ्रिदो पुन्हा निवडून आला.

पुढचं मी ऐकीव सांगतो, कारण मी सभागृहात बंद होतो. सेफेरिनो नावाचा कोळी त्या वादविवादाच्या दिवशी हॉलच्या दाराशी उभा होता. दुसऱ्या दिवशी तो इसाबेलिनाकडे गेला. म्हणाला, "मावशी, माझी जुनी लांब होडी आहे. इंजिन मिळालं तर छप्पर मी घालतो." ओब्दुलियाबाई आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारोदार फिरल्या. कुणी पत्रे दिले, कुणी गादी दिली. चिपा विकून, कोंबड्या विकून, नाचाचे कार्यक्रम करून वर्षभराने इंजिन आलं. पालिकेचा हात त्यात कुठेच नव्हता.

आणि उद्घाटनाला विल्फ्रिदो आला. आमंत्रण नव्हतं, तरी आला. येताना मला ट्रकमध्ये घालून आणलं, माईक आणला, बँड आणला. मला धक्क्यावर उभं केलं. इसाबेलिना होडीत गादी नीट करत होती. तिने मान वर केली नाही.

त्याने घड्याळ काढलं. "माझं एक स्वप्न आज पाण्यावर तरंगतंय," तो म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला वाटलं, आपले चार पाय आत्ता दुमडून पडावं. पण लापाचोचं लाकूड असं पडत नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून माणसं धावत आली. चादरीत एक म्हातारा होता, छातीवर हात दाबून धरलेला, ओठ निळे पडलेले. सेफेरिनोने कुणाला विचारलं नाही. दोरी ओढली.

इंजिनाचा असा फटफटाट सुरू झाला, की विल्फ्रिदोचं तोंड हलतंय एवढंच दिसत होतं. त्याने हात वर करून थांबायची खूण केली. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे पाण्यात उतरले होते, म्हाताऱ्याला उचलत होते, होडी ढकलत होते, बँडवालेसुद्धा. इसाबेलिना म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि होडी निघाली.

म्हातारा वाचला. ते गावाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मला परत न्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पालिकेने आता काचेसारखा चकचकीत पोडियम घेतलाय, आतून दिवा लागणारा. वादविवाद त्याच्यामागे होतात. मागच्याच महिन्यात एक झाला. विल्फ्रिदो म्हणे बोटीवर इतकं बोलला, की लोक रडले. ऐकून माझ्या तड्यातून पुन्हा कळ गेली.

मी इथेच आहे, नदीच्या दमटपणाने पाय फुगलेले, अंगावर पक्ष्यांची घाण. मला पुन्हा सभागृहात न्या, असं माझं मागणं नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो. कुणी बोलून तुम्हाला रडवलं, तर रडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण डोळे पुसून झाले की त्याला विचारा, तू करणार काय आहेस? आणि विचारून लगेच खाली बसू नका. एकट्या बाईला उभं ठेवून तर मुळीच बसू नका.

पलीकडून इंजिनाचा आवाज येतोय. मी गप्प बसतो. जरा बाजूला व्हा, त्यांना वाट करून द्या.