चुलींत न सापडलेलं लाकूड

बोरगाव मेघेच्या बाजारात भाजी विकून प्रमिलाबाई परतली, तर बेटाच्या वरच्या टोकाकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. नदीच्या मधोमध हे बेट, त्यावर तिची वांग्याची वाडी. पुराची पहिली धडक बसते त्या टोकाला अर्जुनाच्या झाडांची रांग होती. त्या मुळांनीच बेट धरून ठेवलं होतं. ती रांग तिच्या दिरानं, नत्थूनं, विकून खाल्ली. एकच झाड उरलं होतं. रिकामी टोपली वाळूत फेकून ती धावत सुटली.

मजुरीवर आलेला गोपाल घाव घालत होता. उपसरपंच नत्थू सावलीत उभा.

"काय करून राह्यले, भाऊजी?"

"वयनी, पाटीले दोन खांब पायजेत. उद्या पाहुणे येऊन राह्यले."

पाटी शेजारीच पडली होती. 'आमच्या पूर्वजांनी हे बेट राखले.'

प्रमिलाबाईचं डोकंच फिरलं. हिवाळ्यात खोदकामवाल्या मॅडमनी इथल्या जुन्या चुली उकरल्या होत्या. देवळासमोर त्यांनी सांगितलं होतं, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या या चुलींत कोळसा सापडला तो बाभळीचा आणि पुरात वाहून आलेल्या लाकडाचा. अर्जुनाचा एक तुकडा नाही. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या नत्थूनं. बेट राखल्याबद्दल उद्याचा सत्कारही त्याचाच.

"थंडीत कुडकुडले असतील ते लोक, पण याले हात नाई लावला," ती कडाडली. "अन् तू त्यायच्या नावाची पाटी याच्याच हाडायवर उभी करतं? लाज विकली का रे लाकडासंगं?"

"एका झाडानं काय होते? तुमची वांगी काई मरत नाईत."

"मागच्या पुरात अर्धी वाडी कोणाची गेली? माझी! अन् त्या लाकडाचा दिवाण कोणाच्या घरी झाला?"

गोपालला हसू आवरेना. नत्थूनं डोळे वटारले. "हासतं काऊन? घाल घाव!"

प्रमिलाबाई घावाला पाठ लावून उभी राहिली. "घाल. आधी मले तोड."

गोपालनं कुऱ्हाड खाली केली. "मले नाई जमत, नत्थूभाऊ," म्हणून तो वाळू तुडवत निघून गेला.

"उद्या पाहुण्यायले काय दाखवू मी?" नत्थू ओरडला.

तिनं पाटी फरफटत नेली आणि तोडलेल्या रांगेच्या खुंटांवर आपटली, अक्षरं वर करून.

"हे दाखव. वाचता येते त्यायले."

मग नदीकाठची ओली माती ओंजळीत घेऊन ती झाडापाशी आली. घावात माती दाबता दाबता तिचं तोंड नत्थूच्या नावानं चालूच होतं.